चार नंबरचं बूच

डबा वाजला, पण कमी वाजला. खोकल्याच्या गोळ्यांचा जुना पत्र्याचा डबा, झाकणावरचं चित्र केव्हाच घासून गेलेलं, आणि आत पितळेची पाच बुचं. मिस्तरीने तो नेहमीसारखा फळीवरून खाली घेतला, नेहमीसारखा कानाशी एकदा हलवला आणि तसाच हातात धरून उभा राहिला. तीस वर्षं तो हा डबा हलवत आला होता. त्याला काही कारण नव्हतं, सवय होती. काही माणसं घराबाहेर पडताना लावलेलं कुलूप ओढून बघतात, तशी. कान इतका सरावला होता की पाच बुचांचा आवाज आला की सगळं ठीक आहे, असं मन त्याला न विचारताच ठरवून टाकायचं. आज मन काही ठरवेना. त्याने पुन्हा हलवला. तळाला चिंधी बसली असेल, असं स्वतःला समजावलं, आणि झाकणाला नखं लावली तर नखंच घसरायला लागली. आत चार होती. एक, दोन, तीन आणि पाच. प्रत्येकाच्या डोक्यावर छिन्नीने नंबर ठोकलेला, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. चार नंबर नव्हतं. साडेदहा वाजले होते, आणि मुलगी ट्रक घेऊन आठलाच गेली होती.

ट्रक मुलीचाच. जुना, पेट्रोलवर चालणारा, वयाने तिच्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान. लोकांचं घरसामान, दुकानांतली यंत्रं इकडची तिकडे पोचवायचा तिचा धंदा, आणि त्या धंद्याचे हातपाय म्हणजे हा ट्रक. गेले सहा दिवस त्याला एक रोग लागला होता. उभा असताना, पाय काढून घेतलेला असताना इंजिनाने कसं गुमान बसावं; हे बसत नव्हतं. आपलं आपणच चढायचं, चढून चढून रडकुंडीला यायचं, मग मरतंय की काय असं उतरायचं आणि पुन्हा चढायचं. असं इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढत असतं, हे मिस्तरीला झोपेतही सांगता आलं असतं. कुठून, ते सांगता येत नव्हतं. कार्बोरेटर धुऊन झाला. गॅस्केट बदलून झालं. प्रत्येक सांध्यावर पाण्याचा फवारा मारून, कान लावून झालं. पाचव्या दिवशी मुलगी चपला काढता काढता म्हणाली होती, "बाबा, पलीकडच्या रस्त्यावर ते कॉम्प्युटरवालं गॅरेज झालंय ना, तिथे दाखवू का एकदा? तुमचीच दमछाक होतेय." त्यावर तो म्हणाला होता, "या गाडीला कॉम्प्युटर जोडणार कुठे, शेपटीला?" ती हसली, बायको हसली, तोही हसला. आणि मग जेवताना त्याला घास गिळवेना.

शेवटी उरल्या नळ्या. इंजिन आत हवा ओढतं; ती ओढ जिथे जिथे वापरतात तिथे तिथे एकेक रबरी नळी जाते, आणि त्यातली एखादी, किंवा तिच्या पलीकडचं काही, फाटलेलं असतं. त्यासाठी ही बुचं. ज्याच्या हाताखाली तो शिकला त्या उस्तादाने दिलेली. एक नळी काढायची, तिच्या तोंडात बूच आतपर्यंत सारायचं, नळी पुन्हा जागेवर चढवायची आणि ऐकायचं. आवाज बदलला नाही तर ती नळी निर्दोष. आवाज बसला तर चोर तिकडे. बूच नखाएवढं, नळीच्या पोटात जाऊन बसतं, बाहेरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणूनच उस्तादाने बुचांबरोबर नियमही दिला होता: बूच डब्यात, मगच हात दुसऱ्या कामाला. तीस वर्षांत मिस्तरीने हा नियम मोडला नव्हता. चार नंबरचं बूच दोनच नळ्यांना बसायचं. एक, इंजिनातली तेलाची वाफ वाहून नेणारी. त्यात बूच राहिलं तर थोडा धूर होईल, थोडं तेल गळेल, मुलगी संध्याकाळी येऊन चार शब्द सुनावेल. दुसरी नळी ब्रेकच्या बूस्टरची. बूस्टर म्हणजे पेडलच्या पुढ्यातला तो काळा गोल डबा. इंजिनाची ओढ घेऊन तो माणसाच्या पायाचा जोर चौपट करतो. त्या नळीत बूच राहिलं तर पाय एकटाच उरतो. मोकळ्या गाडीत, सपाट रस्त्यावर एकटा पाय पुरतो. आज गाडीत लाँड्रीची दोन धुलाई यंत्रं होती, दीड टनाच्या घरातली, आणि ती बंदराजवळच्या खालच्या गावात न्यायची होती. खालच्या गावाला जायला उतार सोडून दुसरा रस्ताच नाही.

कोणती नळी? त्याने डोळे मिटले आणि काल संध्याकाळचे पाच वाजवले. बॉनेट वर आहे. इंजिन चढतंय, उतरतंय. तो वाकलाय, कमरेत कळ आहे, डाव्या हातात पक्कड. वाफेची नळी काढली. बूच घातलं. फरक नाही. मग बूच काढलं का? काढलंच असणार, काढल्याशिवाय पुढे कसा जाईल तो. मग बूस्टरची नळी. बूस्टर त्याने स्वतः दोन वर्षांपूर्वी नवाकोरा बसवलेला, म्हणून त्याच्यावर संशय घ्यायला सहा दिवस मन तयारच झालं नव्हतं. तिथे हात गेला तो सगळ्यात शेवटी, नाइलाजाने. गेला का पण? त्याला आपला तळहात दिसला, आणि तळहातावर बूच, चार आकडा वर. हे बघ, काढलं होतं, तो स्वतःला म्हणाला, आणि त्याचा जीव जरासा भांड्यात पडला. मग त्याच्या लक्षात आलं की त्या तळहातावर अंगठ्यापाशी पट्टी आहे, आणि पट्टी परवा होती, काल नव्हती. आठवण परवाची होती. मनाने ती उचलून काल नेऊन ठेवली होती. आपलंच मन आपल्याला असं गंडवू शकतं, याची त्याला इतकी भीती वाटली की तो स्टुलावर बसला.

बसल्यावर खरं ते आलं. इंजिन बसलं होतं. चढता चढता एकदम निवलं होतं आणि मांजर घुरघुरावं तसं चालायला लागलं होतं, आणि नेमक्या त्याच वेळी मागून मुलीच्या बुटांचा आवाज आला होता. ती दारात थांबली. तिने ऐकलं. म्हणाली, "वा बाबा. जमलं तुम्हाला." बस, एवढंच. पण सहा दिवस ज्याची छीथू झालीय, म्हणजे कुणी केली नव्हती, त्याची त्यानेच केली होती, त्या माणसाला तेवढं पुष्कळ झालं. अंगावर मूठभर मांस चढलं. त्याने फडक्याने हात पुसले, सावकाश, एकेक बोट, मोठ्या डॉक्टराच्या थाटात. बॉनेट पाडलं. त्यावर थाप मारली. थाप मारली, ती थाप त्याला आता तळहाताला जाणवली. नळी, बूच, डबा, उस्तादाचा नियम, सगळं त्या बॉनेटखाली राहिलं आणि तो वर उभा राहून हसत होता. रात्री त्याने एक घास जास्त खाल्ला. सकाळी बायको म्हणाली, "आज स्वारी खुशीत दिसतेय." तो शीळ घालत होता.

पहिला फोन वाजून वाजून बंद झाला. दुसराही. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, तो पुढच्या खणात ठेवायचा, हा नियम त्याचाच. मुलगी बापाचे नियम बापापेक्षा बरे पाळते, त्याला वाटलं. तिसरा, चौथा. मग गोदामाला लावला. गोदामवाला निवांत माणूस. म्हणाला, "ताई ना? भरून कधीच गेल्या. वीस मिनिटं झाली असतील. छान बांधून दिलंय हो सगळं, काळजी करू नका." गोदामापासून उताराच्या तोंडापर्यंत पंचवीस मिनिटं, चढाचा रस्ता, ब्रेकला पाय लावायचं कारणच पडत नाही. पाचवा, सहावा, सातवा. खणात वाजत असेल, कागदांच्या खाली, आणि ती रस्त्यावर नजर ठेवून म्हणत असेल, वाजू दे. त्याने फोन टेबलावर आपटला आणि बाहेर धावला. गेल्या कित्येक वर्षांत तो धावला नव्हता. 

शेजारचा वेल्डर मोटरसायकलवर टेकून दात कोरत होता. बोलघेवडा माणूस; गावातल्या कुठल्याही विषयावर त्याचं मत तयार असायचं, आणि ते विचारायची वाट तो कधी बघायचा नाही. "काय मिस्तरी, मागे कुत्रं लागलं की काय?" तो म्हणाला.

"उताराकडे चल. आत्ता."

"अहो, पण झालं काय? दुकान उघडं आहे माझं."

"पोरीच्या गाडीत बूच राहिलं माझं."

"राहिलं तर राहिलं. संध्याकाळी काढा. कशात राहिलं?"

"ब्रेकमध्ये," मिस्तरी म्हणाला. हा शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर त्याला कळलं की आपण वाफेच्या नळीची आशा केव्हाच सोडलीय.

वेल्डरने काडी थुंकली, गाडीला किक मारली, आणि त्यानंतर तो एक अक्षर बोलला नाही. हेच मिस्तरीला सोसेना. हा माणूस मयताला गेला तरी तोंड चालू ठेवायचा. आता त्याची पाठ ताठ झाली होती, मान हलत नव्हती, आणि त्या गप्प पाठीमागे बसून मिस्तरीला वाटलं, म्हणजे यालाही तसंच वाटतंय. मी एकटाच घाबरट नाही. बोल ना बाबा काहीतरी, तो मनात म्हणाला. चेष्टा कर, शिव्या घाल, माझं वय काढ. रस्ता मागे सरकत होता. दुकानांच्या पाट्या, दूध उतरवणारा माणूस, खिडकीत केस विंचरणारी बाई. सगळे असे निवांत होते की त्याला त्यांचा राग आला. आणि तेवढ्यात, काही कारण नसताना, त्याला लायनर आठवले. ब्रेकमधल्या चाकाला घासणाऱ्या पट्ट्या म्हणजे लायनर, ते त्याने तीन आठवड्यांपूर्वी नवे घातले होते आणि मुलीला सांगितलं होतं, "पेडल जरा कडक लागेल काही दिवस, घाबरून जाऊ नकोस."  म्हणजे आज पेडल कडक लागलं तरी ती घाबरणार नाही. म्हणेल, बाबांनी सांगितलंय. तिची भीतीसुद्धा त्यानेच काढून घेतली होती. पुढून सगळी दारं बंद केली आणि मागून कडी घातली, आणि वर सकाळी शीळ घालत बसला.

याच ट्रकवर ती गाडी शिकली. सतरा वर्षांची होती, पाय पुरत नव्हते म्हणून पाठीमागे उशी. बायकोने दोन दिवस अबोला धरला होता. पहिल्यांदा उतारावर नेली तेव्हा पोरगी दर वळणाला ब्रेकवर नाचायची, आणि तो शेजारी बसून ओरडायचा, "पाय काढ. गियर कशाला दिलाय? इंजिनाला धरू दे गाडी. ब्रेक म्हणजे शेवटची गोष्ट." ती रडली होती, रडत रडत चालवली होती, आणि खाली पोचल्यावर नाक पुसून म्हणाली होती, "परत वर जायचं?" तेव्हा त्याला वाटलं होतं की आपल्याला हिच्यासाठी आता कधी घाबरावं लागणार नाही. किती मूर्ख असतो माणूस. तिला गियर येतो. येतो, पण दीड टन आहे मागे. येतो, पण ती घाईत असली तर? लाँड्रीवाल्याने बारापर्यंत मागितलंय. ती वर तिसऱ्यात असली, पहिल्या वळणाला पाय टाकला आणि पेडल दगडासारखं लागलं, तर तिसऱ्यातून खाली घ्यायला वेळ कुठे मिळतो? त्याने मोजून बघितला तो वेळ. पुन्हा पुन्हा मोजला. एवढा पुरतो, असं एकदा निघालं. पुरत नाही, असं तीनदा.

उताराच्या तोंडाशी ट्रक थांबवायची मोकळी जागा आहे. तिथे ट्रक नव्हता. ती तिथे थांबली असेल, टायर तपासत असेल, अशी त्याने मनात सगळी मांडामांड करून ठेवली होती, ती जागा रिकामी निघाली. वेल्डरने तिथेच मोटरसायकलचं इंजिन बंद केलं. उतार लागला की पेट्रोल वाचवायला हा माणूस नेहमी इंजिन बंद करून घरंगळत जायचा, आणि मिस्तरी दर वेळी त्याला त्यावरून फैलावर घ्यायचा. आज काही बोलला नाही. एकदम शांत झालं. फक्त वारा आणि साखळीची टिकटिक. पहिलं वळण गेलं. कठडा धड होता. दुसऱ्या वळणाला कठडा वाकलेला दिसला आणि त्याने वेल्डरचा खांदा इतका घट्ट धरला की तो विव्हळला. पण वाकलेल्या लोखंडावर गंज होता. जुना गंज, वर्षानुवर्षांचा, त्याने शंभरदा बघितलेला. तरी ते ओलांडताना त्याने खाली बघितलं नाही. बघायला हवं होतं, बाप होता तो, पण त्याने डोळे वेल्डरच्या शर्टाच्या शिवणीवर ठेवले. त्या शिवणीचा एक दोरा सुटला होता. उरलेलं आयुष्य आपण हा दोरा बघत काढू, खाली बघणार नाही, असं काहीतरी त्याच्या डोक्यात चाललं होतं.

तिसऱ्या वळणाच्या अलीकडे त्याला ते ऐकू आलं. आधी वाटलं कानात रक्त वाजतंय. मग ते चढलं. चढून चढून रडकुंडीला आलं, मग मरतंय की काय असं उतरलं, आणि पुन्हा चढलं. सहा दिवस ज्याने त्याची झोप उडवली होती, जो आवाज बंद करण्यासाठी त्याने जंग जंग पछाडलं होतं, तो कातळापलीकडून येत होता. मिस्तरीला पुढचं सगळं एका क्षणात कळलं. इंजिन पुन्हा हवा चोरत होतं. म्हणजे नळी मोकळी होती. म्हणजे कुणीतरी बूच काढलं होतं, आणि ते काढायला हात शाबूत लागतात. वेल्डर म्हणाला, "मिस्तरी, रडताय काय?" तो बोलला म्हणून मिस्तरीला फार बरं वाटलं.

ट्रक डोंगराच्या अंगाला चिकटून उभा होता. डाव्या बाजूचा पत्रा कातळाने पुढून मागपर्यंत सोलून काढला होता, एक दिवा फुटला होता, मागच्या चाकांना दगड लावलेले. बॉनेट वर. मुलगी पायरीवर बसली होती, बूट काढून, आणि पावलं चोळत होती. बापाला बघून ती उठली नाही. तिने मूठ उघडून दाखवली.

"चार नंबर," ती म्हणाली.

तो तिच्यासमोर उभा राहिला. कामाचं तेवढं विचारलं. "कडक लागला?"

"पहिल्या वळणाला. म्हटलं लायनर असतील. दुसऱ्याला दोन्ही पाय देऊन पेडलवर उभी राहिले, तरी हलेना. मग पहिल्या गियरमध्ये टाकली आणि डोंगराला घासत आणली." ती पावलं चोळतच होती. "थांबल्यावर नळी दाबून बघितली. बोटाला टणक लागलं."

"मी विसरलो," मिस्तरी म्हणाला. हे वाक्य त्याला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं, आणि मागोमाग जे आलं ते अवघड. "तू वा म्हणालीस आणि मला बरं वाटलं. एवढ्यासाठी विसरलो. तेवढंच कारण आहे, दुसरं काही नाही."

 "मला रात्रीच शंका आली होती," ती म्हणाली. "मी लहान असल्यापासून बघतेय, रोग मिळाला की तुम्ही 'सापडलं' म्हणता. जेवताना मिळाला तरी म्हणता. काल म्हणाला नाहीत, नुसते हसलात. विचारणार होते मी. पण सहा दिवसांनी तुमचा चेहरा असा झाला होता ना, मग नाही विचारलं." तिने बूट ओढून घेतला आणि तो न घालताच मांडीवर ठेवला. "मन खात होतं म्हणून वरूनच दुसऱ्यात आणली. नाहीतर मी तिसऱ्यात असते."

वेल्डर दुसरीकडे तोंड करून खालचं गाव बघू लागला. मिस्तरी ट्रकच्या पुढे गेला, बूस्टरच्या नळीला हात लावला, ती चिमटीत दाबली. इंजिन निवलं. सोडली, इंजिन चढलं. त्याने स्वतः बसवलेला नवाकोरा बूस्टर आतून फाटला होता, आणि सहा दिवस तो दुनियाभर शोधत हिंडत होता. "ही गाडी इथून एक इंच पुढे जायची नाही," तो म्हणाला. "ओढून न्यायची. सामान दुसऱ्या गाडीत."

"सापडलं का?" तिने विचारलं.

"सापडलं," तो म्हणाला, पण तो शब्द मध्येच चिरला.

तो तिच्या शेजारी पायरीवर येऊन बसला. पायरी दोघांना अरुंद होती, तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागत होता, गरम, घामेजलेला. त्याने खिशात फोन चाचपला. नव्हता.

"सात फोन बघितले तुमचे," ती म्हणाली. "म्हटलं डबा उघडला वाटतं. उलट फोन केला तर उचलेना कुणी. तेव्हाच कळलं की निघालात. म्हणून चालू ठेवली." तिने बॉनेटकडे मान वळवली. "म्हटलं लांबून ऐकू येईल तुम्हाला. कठड्यापाशी उगाच खाली बघत बसाल." ती उठायला लागली. "आता बंद करते. तापलीय ती."

मिस्तरीने तिचा दंड धरला.

"बंद नको करू," तो म्हणाला. "जरा वेळ चालू दे."

ती परत बसली.